उथळ खाडीसाठी ड्रेजर : जलावतरणाच्या नोंदी

पनवेल खाडीकाठचे आवार, नवी मुंबई

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

ड्रेजरच्या, म्हणजे पाण्याच्या तळातला गाळ काढणाऱ्या नौकेच्या, सांगाड्याचे पोलादी काम आज पूर्ण झाले. जलावतरणापर्यंतच्या आणि त्यानंतरच्या चाचण्यांच्या नोंदी आजपासून मी स्वतंत्र वहीत ठेवत आहे. आमची कंपनी जेट्ट्या, धक्के आणि किनाऱ्याच्या संरक्षक भिंती बांधते. गाळ काढण्याचे काम आले की दर वेळी बाहेरून यंत्र भाड्याने आणावे लागे, आणि जे मिळे ते एकतर खाडीत शिरण्याजोगे नसे किंवा शिरले तरी ओहोटीला चिखलात बसून राही. आपल्या खाडीच्या मापाचा ड्रेजर आपणच बांधावा, हा विचार या अनुभवातून पुढे आला.

नौका लांबीला ३२ मीटर, रुंदीला ९ मीटर आणि तळापासून डेकपर्यंत २ मीटर आहे. तिला स्वतःचा प्रॉपेलर नाही. टगने ओढून कामाच्या जागी न्यायची, अशी तिची रचना आहे. पुढे लॅडर, म्हणजे तळाकडे उतरवायची पोलादी चौकट, लॅडरच्या टोकाला फिरणारा कटर आणि त्याला लागून शोषणाची नळी. मागे स्पड, म्हणजे तळात रोवायचे दोन पोलादी खांब. एक स्पड रोवला की नौका त्याच्याभोवती, पुढच्या दोन विंचांच्या, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्रांच्या, तारांवर, डावीउजवीकडे झुलते. कटर चिखल सोडवतो आणि पंप तो पाण्याबरोबर ओढून ४०० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून काठाकडे ढकलतो. सगळी सामग्री बसल्यावरही तिने एक मीटरपेक्षा कमी पाण्यात तरंगले पाहिजे, ही अट आम्ही आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहिली होती.

या अटीचे कारण खाडीतच आहे. ठाण्याची खाडी काय किंवा पनवेल खाडी काय, पावसाळा सोडला तर वरून येणारे गोडे पाणी थोडे असते आणि आतबाहेर होते ते समुद्राचेच पाणी. चिकणमातीचे बारीक कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गाठी होतात, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात त्या तळाशी बसतात. असा थर दर वर्षी चढत जातो. त्याचा त्रास फक्त बोटींना होतो असे नाही. नवी मुंबईचे कितीतरी विभाग सखल, भराव घातलेल्या जमिनीवर उभे आहेत, आणि त्यांच्यासाठी सिडकोने धारण तलाव बांधले आहेत. भरतीच्या वेळी झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागली की खाडीत उतरते. तलावाच्या तोंडाशी गाळ वर आला की हे उतरणे मंदावते आणि पाणी वस्तीत अधिक वेळ राहते. त्यामुळे या कामाकडे मी नुसते यंत्र बांधण्याचे काम म्हणून पाहू शकत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

टाक्यांची हवाचाचणी घेतली. सांगाड्याच्या तळात अकरा बंद कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात ०.१५ बार दाबाची हवा भरायची, दाब स्थिर झाला की बाहेरून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावायचे आणि बुडबुडा येतो का ते पाहायचे, अशी ही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. हा दाब ऐकायला थोडा वाटतो, पण नऊ मीटर रुंद पत्र्यावर तो जेवढा भार टाकतो तेवढा पत्रा फुगवायला पुरेसा असतो. म्हणून दाबमापकाबरोबर पाणी भरलेली यू-नळीही जोडून ठेवली. मापक चुकला तरी पाणी नळीतून उसळून दाब आपोआप उतरतो.

दहा कप्पे निर्दोष निघाले. सातव्या कप्प्यात, आडव्या आणि उभ्या पत्र्याच्या कोपऱ्यात, जिथे वेल्डरला हात वळवायला जेमतेम जागा होती, तिथे मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला आणि पुन्हा त्याच जागी आला. मी टॉर्च तिरपा धरून पाच मिनिटे तो पाहत होतो. आमच्या सर्वांत जुन्या वेल्डरकाकांनी तो सांधा स्वतः ग्राइंडरने उकरला. आत सुईच्या टोकाएवढे छिद्र होते. काकांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः पडून, मान वाकडी करून सांधा पुन्हा भरला. संध्याकाळी तोच कप्पा दुसऱ्यांदा दाबाखाली घेतला आणि तासभर पाहिला. जहाजांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगच्या सर्व्हेयरांनी सही केली ती त्यानंतरच.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. वेल्डिंगची यंत्रे, चेनब्लॉक, पंपाचे झाकण आणि कटरचे दात यांची पूजा झाली. दुपारनंतर काम बंद.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची सुटी संपवून सगळे परतले. सुटी लागण्याच्या सुमाराची एक बातमी येथे नोंदवतो, कारण आवारात दोन दिवस तिचीच चर्चा आहे. १८ ऑक्टोबर रोजी कोचीन शिपयार्डात 'डीसीआय ड्रेज गोदावरी' या ड्रेजरचे जलावतरण झाले. ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियासाठी, नेदरलँड्सच्या रॉयल आयएचसी संस्थेच्या आराखड्यावर बांधलेला हा ड्रेजर १२७ मीटर लांब असून त्याच्या हॉपरात, म्हणजे गाळ साठवण्याच्या टाकीत, १२,००० घनमीटर गाळ मावतो. तो चालता चालता तळावरून शोषनळी ओढत नेतो, गाळ स्वतःच्या पोटात साठवतो आणि खोल समुद्रात जाऊन तळाची दारे उघडून तो सोडतो. न्हावा-शेवासारख्या मोठ्या बंदराचा जलमार्ग खोल राखायचा तर असलेच जहाज लागते.

आमच्या एका तरुण फिटरने हिशेब करून सांगितले की आपल्यासारख्या वीस नौकांचे आकारमान त्या एका हॉपरात सामावेल. हिशेब बरोबर आहे. पण ते जहाज आपल्या खाडीच्या तोंडाशीच रुतेल, आणि जिथे त्याचे काम संपते तिथे आपल्या नौकेचे सुरू होते. देशात मोठे ड्रेजर बांधले जाऊ लागले याचा मला मनापासून आनंद आहे. त्याबरोबर लहान खाड्यांसाठी लहान ड्रेजरही इथेच, त्या खाड्यांच्या काठावर बांधले जावेत, असे मला वाटते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मूळ वेळापत्रकाप्रमाणे कालच्या कार्तिक पौर्णिमेच्या उधाणावर नौका पाण्यात जायची होती. ते झाले नाही. झुलवण्याच्या दोन विंचांपैकी एक विंच पुरवठादाराकडून पाच आठवडे उशिरा आला, आणि आला तो ब्रेकच्या पट्ट्याशिवाय. ब्रेक नसलेला विंच डेकवर बसवून नौका पाण्यात सोडणे मला मान्य नव्हते. वरिष्ठांकडून घाई होती, ती रास्तही होती, कारण थांबलेल्या प्रत्येक दिवसाचे व्याज असते. तरीही नकार लेखी दिला.

थांबल्याचा एक उपयोग झाला. उधाणाचे पाणी नौका सोडायच्या आमच्या उतारावर प्रत्यक्ष किती चढते, ते दोन रात्री पट्टीवर मोजता आले. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या येतात, पण त्या सारख्या नसतात. चंद्र आणि सूर्य विषुववृत्तापासून दूर असताना दोहोंत मोठा फरक पडतो. पावसाळ्यात दुपारची भरती मोठी, हिवाळ्यात रात्रीची. या दोन दिवसांत दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक कमी भरली. आमच्या उताराच्या काँक्रीटचे टोक चार्ट डेटमपासून, म्हणजे भरतीचे आकडे ज्या शून्य पातळीपासून मोजतात तिच्यापासून, ३.६ मीटरवर आहे. जलावतरणाच्या वेळी नौका सरासरी ०.८ मीटर पाण्यात बुडेल आणि तिच्याखाली अर्धा मीटर उंचीच्या एअरबॅग, म्हणजे तिला सरकवत नेणाऱ्या हवा भरलेल्या रबरी पिशव्या, असतील. दोन्ही मिळून १.३ मीटर झाले. म्हणजे पट्टीवर ४.९ मीटर पाणी आल्याशिवाय ती टोकाशी निर्वेध तरंगणार नाही, आणि दुपारची भरती हिवाळ्यात तिथवर पोहोचत नाही. जलावतरण रात्रीच करावे लागेल, हे आज निश्चित झाले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. काँक्रीटच्या टोकापुढे पावसाळ्यात ३० सेंटीमीटर नवा गाळ बसला आहे. टोकावर पुरेसे पाणी असले तरी पुढे सरकताच एअरबॅग या मऊ उंबरठ्यात रुततील आणि नौका अर्धी काँक्रीटवर, अर्धी चिखलात अडकेल. ओहोटी लागली की तिच्या मधल्या भागावर जो ताण येईल त्याची कल्पना करवत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जवळच्या दोन कोळीवाड्यांतील मंडळींशी बैठक झाली. त्यांची डोल जाळी आमच्या उतारासमोरच्या धारेत लागतात. डोल जाळे खांबांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी उघडे ठेवतात. पाणी जितके जोरात, तितकी मासळी अधिक. एका वयस्कर नाखव्याने सगळा प्रश्न एका वाक्यात मांडला. ते म्हणाले, "साहेब, तुम्हाला उधाणाचंच पाणी पायजे, आन आमाला बी उधाणाचंच पाणी पायजे."

त्यांचे म्हणणे पूर्ण खरे होते. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाण्याला ओढ नसते, जाळे रिकामेच असते. कमाई होते ती याच चार-सहा रात्रींत, आणि नेमक्या त्यातल्या दोन रात्री आम्ही जाळी उचलायला सांगत होतो. त्या दोन रात्रींची भरपाई कंपनीने आगाऊ द्यावी असे मी बैठकीतच सुचवले आणि व्यवस्थापनाने ते संध्याकाळी मान्य केले. रकमेसाठी त्यांनीच गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षातल्या विक्रीचा अंदाज दिला. आम्ही त्यात काटछाट केली नाही.

नाखव्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पावसाळ्यानंतर मुख्य धार पलीकडच्या काठाकडे सरकली आहे, त्यामुळे टगने सुटलेल्या नौकेला सरळ न ओढता आधी थोडे वरच्या अंगाला घ्यावे. आणि मार्गशीर्षात मध्यरात्रीनंतर मतलई वारा सुटतो, जमिनीकडून पाण्याकडे. तो नौकेला बाहेरच ढकलेल, पण ती बाहेर पडल्यावर मागचा भाग फिरवेल. आमच्या आराखड्यात वाऱ्याचा विचार वेगाने केला होता, दिशेने नव्हे. आता मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर धरदोर ठेवले आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

एअरबॅगचा हिशेब पुन्हा तपासला. जलावतरणाच्या वेळचे वजन २२१ टन धरले आहे; लॅडर आणि स्पड नंतर बसतील. रबर आणि दोऱ्यांच्या थरांची ही पिशवी फुगल्यावर एक मीटर व्यासाची होते. नौकेखाली ती दबून अर्धा मीटर उंच राहिली, तर तिची तळाला टेकणारी रुंदी साधारण ०.७८ मीटर भरते. नऊ मीटर रुंद तळाखाली टेकणारे क्षेत्रफळ सात चौरस मीटर झाले. ०.०८ मेगापास्कल दाबाला एक पिशवी सत्तावन्न टनांच्या आसपास भार पेलते, म्हणजे नुसत्या आकड्यांनी चार पिशव्या पुरतात.

आम्ही आठ लावणार आहोत, आणि दोन फुगवून बाजूला तयार ठेवणार आहोत. पुढे सरकताना मागची पिशवी सुटते आणि पुढे नवी घालावी लागते. त्या मधल्या क्षणी भार सर्वांवर सारखा नसतो. शिवाय एक फुटली तर उरलेल्या सातांनी तिचा वाटा सहज उचलला पाहिजे. उताराचे प्रमाण सोळास एक आहे, त्यामुळे नौका स्वतःच्या वजनाने जवळजवळ चौदा टनांच्या जोराने खाली ओढली जाईल. तिला धरून ठेवणारा विंच, कप्प्या आणि तार त्याच्या दुपटीला तपासून घेतली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल अमावास्या होती. उधाणाच्या ओहोटीत पाणी नेहमीपेक्षा बरेच खाली जाते, त्याचा फायदा घेऊन टोकापुढचा गाळ उपसला. गाळ काढण्यासाठी बांधलेल्या नौकेला वाट देण्यासाठी आधी हाताने गाळ काढावा लागत होता, आणि त्या दोन तासांत या कामाची गरज मला आकड्यांपेक्षा अधिक कळली. लांब बूमचे पोकलेन काँक्रीटवर उभे करून त्याच्या पोहोचेतला थर ओढून घेतला. पोकलेन पोहोचत नव्हते तिथे माणसे फळ्या टाकून, फावडी आणि घमेली घेऊन उतरली. चिखल वरून राखाडी दिसतो, पण वीतभर खाली काळाकुट्ट असतो, आणि फावडे ओढताना तो सोडत नाही. प्रत्येक फावड्यामागे आधी हवा शिरते, मग माती सुटते. निवट्या, म्हणजे चिखलातले लहान उड्या मारणारे मासे, फळ्यांवर चढून येत होत्या.

खारफुटीची पहिली रांग आमच्या कामाच्या हद्दीबाहेर आहे आणि ती तशीच राहावी म्हणून दोरी बांधून माणूस उभा केला होता. उपसलेला गाळ ताडपत्री टाकून आवारातल्या बांध घातलेल्या खड्ड्यात भरला. परत खाडीत टाकला नाही. मोकळ्या झालेल्या तळावर दगडी खडी आणि तिच्यावर पोलादी पत्रे अंथरले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

एअरबॅग एकेक करून कामाच्या दाबाच्या सव्वापट फुगवून ठेवल्या. तिसऱ्या क्रमांकाच्या पिशवीचा दाब तासाभरात उतरला. तोंडाच्या झडपेजवळ केसाएवढी चीर होती. ती बाद केली, राखीव दोनांतली एक तिच्या जागी घेतली आणि पुरवठादाराकडून आणखी एक मागवली. नौकेच्या तळाखालून रांगत जाऊन बांधणीच्या वेळचे वेल्डिंगचे उरलेले खुंट शोधले. दोन सापडले, प्रत्येकी करंगळीएवढे. एवढ्यानेही पिशवी फाटली असती.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. मार्गशीर्ष पौर्णिमा. तारीख ठरवण्यासाठी दुपारी बैठक झाली.

मुंबईच्या तक्त्यात या उधाणातली सर्वांत मोठी भरती ५ आणि ६ डिसेंबरच्या मधल्या रात्री आहे, ५.०३ मीटर. पुढच्या रात्री, ७ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी, ती ५.०१ मीटर आहे. ६ डिसेंबरची दुपारची भरती मात्र सव्वाचार मीटरच्याही खाली आहे, म्हणून तिचा विचारच केला नाही. पहिली रात्र आकड्याने सरस होती. पण ६ डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन आहे. आमच्या चमूतील बारा जण दर वर्षी चैत्यभूमीला जातात. त्यांतील दोघे एअरबॅग हाताळण्यात सर्वांत अनुभवी आहेत. रात्रभर काम करून पहाटे दादरला रांगेत उभे राहा असे सांगणे योग्य नव्हते, आणि त्यांच्यावाचून काम करणेही योग्य नव्हते. दोन सेंटीमीटर पाणी सोडून देता येते. ७ तारीख ठरली.

७ डिसेंबर, रविवार

जलावतरण निर्विघ्न झाले. सविस्तर लिहितो.

काल रात्री नऊ वाजता सगळे जमले. चैत्यभूमीहून आलेली मंडळी घरी जेवून, थोडे झोपून आली होती. दहा वाजता एअरबॅग फुगवायला सुरुवात केली. नौका लाकडी ठोकळ्यांवरून पिशव्यांवर येते तो टप्पा मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण आठही पिशव्यांत हवा सारखी भरत नेली नाही तर सांगाडा पिळला जातो. प्रत्येक दाबमापकापाशी एक माणूस होता आणि तो दर दोन मिनिटांनी आकडा मोठ्याने सांगत होता. साडेअकराला शेवटचा ठोकळा निघाला. ३२ मीटरचे पोलाद हवेवर उभे राहिले. हाताने ढकलले तर किंचित हलल्यासारखे वाटे.

भरतीची वेळ तक्त्यात सुमारे दीडची होती. आमच्या पट्टीवर भरती वीसेक मिनिटे उशिरा येते, हे गेल्या महिन्यात मोजले होते. नौका पूर्ण भरतीला न सोडता तिच्या वीस मिनिटे आधी सोडायची असे ठरवले होते. पाणी अजून चढत असताना ती कुठे अडकली, तर चढते पाणी तिला उचलेल; भरती पूर्ण झाल्यावर अडकली, तर प्रत्येक मिनिटाला ती अधिक रुतेल. एक वाजता विंच सैल करून तिला उतारावर निम्मे अंतर हळूहळू खाली आणले. पुढे दोन पिशव्या घातल्या, मागे सुटलेल्या दोन काढल्या. पट्टीवर ४.९५ दिसू लागले.

नारळ वेल्डरकाकांनी वाढवला. सातव्या कप्प्याच्या बरोबर वर, पुढच्या कोपऱ्यावर.

एक वाजून एकतीस मिनिटांनी हूक सोडला. सुटताना हुकाचा आवाज झाला, मग काही क्षण काहीच झाले नाही. नंतर पिशव्यांचे रबर काँक्रीटवर घासल्याचा खोल, ओला आवाज सुरू झाला आणि नौका माणसाच्या चालीने निघाली, मग धावत्या माणसाच्या. पुढचा भाग पाण्यात शिरला, थोडा दबला आणि उचलला गेला. २१ नोव्हेंबरला साफ केलेल्या जागेवरून ती पुढे सरकली तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. ती थांबली नाही. मागची शेवटची पिशवी सुटून वर उसळली, आणि नौका सपाट तरंगली. मतलई वारा नाखव्यांनी सांगितल्याप्रमाणे होता. मागचा भाग डावीकडे वळू लागताच उजव्या धरदोरावरच्या चौघांनी तो आवळला, टगने तिला वरच्या अंगाला घेतले आणि दोन वाजण्याच्या आत ती नांगरलेल्या बोयांना बांधली गेली.

भरती आमच्या पट्टीवर ५.०५ मीटरपर्यंत गेली. खवळलेल्या गढूळ पाण्यात सुटलेल्या पिशव्या गोळा करायला पहाटेचे चार वाजले. त्यासाठी कोळीवाड्यातून तीन होड्या न बोलावता आल्या होत्या.

८ डिसेंबर, सोमवार

चोवीस तासांनी अकराही कप्पे उघडून पाहिले. कोरडे आहेत. चारही कोपऱ्यांवरील खुणांवरून सरासरी बुडण्याची खोली ०.८१ मीटर, हिशेबाशी जुळते.

१३ डिसेंबर, शनिवार

लॅडर आणि दोन्ही स्पड परवा क्रेनने बसले. आज भांगाचे पाणी आणि सकाळची वारा पडलेली वेळ साधून स्थैर्याची चाचणी घेतली. दोर सैल सोडून, डेकवर चार टनांची वजने एका बाजूकडून सहा मीटर पलीकडे सरकवली. आत दोन मीटर लांबीचा ओळंबा टांगून त्याचे वजन तेलाच्या बादलीत बुडवले होते, म्हणजे तो झोके घेत राहत नाही. वजन सरकले की ओळंबा पट्टीवर ३२ मिलिमीटर सरके; उलट सरकवले की तेवढाच परत येई. एकूण वजन खुणांवरून २६६ टन निघाले, त्यावरून मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कललेली नौका पुन्हा सरळ होण्याच्या क्षमतेचे माप, ५.६ मीटर येते. रुंद, बसक्या नौकेकडून अपेक्षा होती तशीच आहे. सगळ्या सामग्रीसह नौका ०.९८ मीटर पाण्यात बसते. पहिल्या पानावरची अट दोन सेंटीमीटर राखून पूर्ण झाली.

२३ डिसेंबर, मंगळवार

पंप आणि कटरची पहिली चाचणी आवारासमोरच, गाळ आवारातल्या खड्ड्यात सोडून घेतली. कामाची जागा ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यापासून दूर आहे, तरीही पक्षी हिवाळ्यात या चिखलांवर सर्वत्र उतरतात, म्हणून कटरभोवतीचा गढूळपणा दर पंधरा मिनिटांनी नमुना घेऊन तपासला. लॅडर भराभर झुलवले की ढग उठतो. झुलण्याचा वेग एक तृतीयांश कमी केल्यावर तो बराच बसला. चालकाला हाच वेग लिहून दिला आहे.

आकड्यांबद्दल एक गोष्ट मला स्पष्ट नोंदवायची आहे. नळीतून ताशी सुमारे २,००० घनमीटर मिश्रण गेले, आणि हा आकडा ऐकून सगळ्यांना आनंद झाला. पण ते मिश्रण आहे, गाळ नव्हे. त्याची घनता १.१२ भरली, खाडीच्या पाण्याची १.०२५ आणि तळातल्या बसलेल्या गाळाची १.३५ धरली, तर त्यात तळातला गाळ साधारण २९ टक्के येतो, म्हणजे ताशी ५८० घनमीटर. पुढे कोणत्याही कामाचे मोजमाप देताना नळीचा आकडा द्यायचा नाही, कामाआधी आणि कामानंतर तळाची मोजणी करूनच द्यायचे, असे मी व्यवस्थापनाला लिहिले. ही मोजणीही ध्वनीच्या दोन कंपनांवर हवी. प्रतिध्वनीयंत्राचे २०० किलोहर्ट्झचे कंपन पातळ चिखलाच्या वरच्या पृष्ठावरूनच परतते, तर ३३ किलोहर्ट्झचे त्यात खोलवर शिरते. एकच वाचन घेतले तर तरंगता चिखलही तळ म्हणून मोजला जाईल, किंवा खरा अडथळा मोजणीतून निसटेल. दोन्ही चुकांची किंमत शेवटी खाडीवर चालणाऱ्या बोटींना मोजावी लागते.

डाव्या विंचाचा ब्रेक दोन तासांनी गरम झाला. पट्टा बदलायचा आहे.

२७ डिसेंबर, शनिवार

ब्रेकचा पट्टा बदलला, विंच चार तास भाराखाली चालवला, आता ठीक आहे. पहिले काम याच खाडीतल्या एका लहान जेट्टीच्या वाटेचे आहे. नेताना पुलाखालून जावे लागेल, म्हणून दोन्ही स्पड आडवे करून डेकवर बांधून न्यायचे. पुलाखालची मोकळी उंची उद्या ओहोटीला आणि पुन्हा भरतीला मोजायची आहे. नाखव्यांचा मुलगा टगबरोबर येणार आहे; धार कुठे आहे ते तो दाखवेल.